निपाह, सीसीएचएफचा रुग्ण हलवायचा आहे: रुग्णवाहिकेच्या पथकाची तयारी

जानेवारी 2011 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंदजवळच्या कोलाट गावातली एक महिला तापाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. भारतात क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप, म्हणजे सीसीएचएफ, त्या वेळी पहिल्यांदा ओळखला गेला. त्याआधी 2001 साली सिलिगुडीत निपाह या विषाणूजन्य आजाराचे 66 रुग्ण आढळले होते. त्यांतल्या बहुतेकांना लागण रुग्णालयातच झाली. दोन्ही ठिकाणी समोर नेमकं काय आहे, हे उपचार करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

रुग्णवाहिकेत हा धोका आणखी वाढतो. जागा सात-आठ फुटांची, हवा कोंडलेली, गाडी हलती आणि मदतीला तिसरा माणूस नाही. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 पासून आहे. तिच्या गाडीत एक डॉक्टर आणि एक पायलट, म्हणजे चालक, असतो. आतड्याच्या दुखण्यापासून हृदयविकारापर्यंत सगळं तेच दोघं निभावतात. निपाहच्या रुग्णासाठी मात्र ही दोघांची जोडी अपुरी आहे. आधी तो हिशेब पाहू.

माणसं किती लागतात

कमीत कमी चार. दोघं मागे रुग्णापाशी, एक पायलट आणि एक निरीक्षक. निरीक्षक रुग्णाला हात लावत नाही आणि त्या गाडीत बसतही नाही. तो वेगळ्या वाहनाने मागोमाग येतो. त्याच्या हातात यादी असते. किट, म्हणजे अंगभर घालायचा संरक्षक पोशाख, चढवताना आणि उतरवताना तो एकेक पायरी मोठ्याने वाचतो, ती नीट झाली का ते पाहतो आणि मगच पुढची वाचतो. तासभर घामात भिजलेल्या माणसाला पायऱ्यांचा क्रम आठवत नाही. आठवतो असं त्याला वाटतं, आणि तिथेच चूक होते. मनुष्यबळ कमी पडलं तर बाकी काहीही कापा, निरीक्षक कापू नका.

पथकात गरोदर बाई, दमेकरी, रक्तदाबाची गोळी नुकतीच बदललेला माणूस किंवा हाताला उघडी जखम असलेला माणूस नको. दाढी असेल तर एन-95 चेहऱ्याला घट्ट बसत नाही, त्यामुळे दाढी काढायची तयारी असलेलाच माणूस घ्या. कोणावर जबरदस्ती करू नका. मनाविरुद्ध आलेला माणूस घाई करतो.

फोनवरच ओळखा

पूर्वसूचना असलेला रुग्ण त्यामानाने सोपा. खरा धोका 'साधा ताप आहे, सिव्हिलला न्यायचंय' अशा फोनचा असतो. म्हणून ताप सांगितला की प्रत्येक वेळी हे प्रश्न विचारायची सवय लावा: हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जातंय का? तापात बरळणं, ग्लानी किंवा झटके आहेत का? घरात किंवा शेजारी असाच आजार होऊन कोणी गेलंय का? गेल्या 21 दिवसांत साथ असलेल्या जिल्ह्यात किंवा देशात जाणं झालंय का? गुरांच्या गोचिडी हाताने काढल्या, जनावर कापलं, वटवाघळांनी उष्टावलेली फळं खाल्ली, असं काही झालंय का? आधीच्या रुग्णालयातला कोणी कर्मचारी आजारी पडलाय का?

एका होकाराने घाबरून जायचं नाही. लक्षण आणि संपर्क, दोन्हीकडे होकार आला तर मात्र नेहमीची गाडी थांबवा आणि जिल्हा साथरोग अधिकाऱ्यांना कळवा.

उलट बाजूही लक्षात असू द्या. दोडामार्ग, बांदा किंवा गोव्यातल्या सत्तरी भागातून माकडतापाचा, म्हणजे केएफडीचा, रुग्ण आला तर हा सगळा सरंजाम लागत नाही. तो आजार गोचिडीमुळे होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. कोकणातला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसही, माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. हातमोजे, मास्क आणि सुया सांभाळणं एवढं पुरतं. नको तिथे किट घालून बसलं तर रुग्णाचा एक तास फुकट जातो, आणि तो तास त्याच्या जिवावर बेतू शकतो.

गाडी मोकळी करणं

आधी सामान काढा. या फेरीत लागणार नाही ती प्रत्येक वस्तू बाहेर: जास्तीच्या चादरी, कापडी पिशव्या, पुठ्ठ्याचे खोके, पायलटची छत्री, देवाच्या फोटोचा हार. गाडीत जे राहील ते नंतर पुसायचं किंवा फेकायचं आहे, एवढा एकच निकष लावा. कप्प्यांची दारं बंद करून कडा चिकटपट्टीने बुजवा. लागणारी औषधं आणि साहित्य झिपच्या पारदर्शक पिशव्यांत घालून हाताशी ठेवा, म्हणजे प्रवासात कप्पा उघडायची वेळ येणार नाही.

भिंतींना जाड पॉलिथिन लावायचं असेल तर खालून सुरुवात करा आणि वरचा तुकडा खालच्यावर चढवा, कौलं चढवतात तसा. म्हणजे उडालेला थेंब ओघळून खाली येतो, सांध्यात शिरत नाही. चिकटपट्टीचं टोक दुमडून छोटी जीभ ठेवा, नाहीतर दोन थरांच्या हातमोज्यांनी ती सुटत नाही आणि मग माणूस दातओठ खाऊन ओढतो. जमिनीवर गुळगुळीत प्लास्टिक पसरू नका. बूट ओले झाले की त्यावरून पाय घसरतो. तिथे शोषक पॅड चिकटवा. हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचं तोंड झाकू नका.

हवेची दिशा पायलटकडून मागे अशीच हवी. मधली खिडकी बंद करून पट्टीने बुजवा. पुढचा ब्लोअर बाहेरची हवा घेणाऱ्या स्थितीत आणि पूर्ण वेगावर ठेवा. हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद. मागचा पंखाही पूर्ण वेगावर. मागे पंखा नसेल तर मागची काच थोडी उघडी ठेवा आणि पायलटच्या बाजूची बंद. पायलटने आपली काच उघडली की मागची हवा पुढे ओढली जाते. मे महिन्यात हे त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

दिशा तपासायला महागडं उपकरण लागत नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर गाडीतून उतरवा, इंजिन आणि पंखे चालू करा आणि मधल्या फटीपाशी उदबत्ती धरा. धूर मागे जायला हवा. पुढे आला तर फट नीट बुजलेली नाही. ही चाचणी नेमलेल्या गाडीवर सरावाच्या दिवशीच करून ठेवा, फोन आल्यावर नको.

ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा. बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर वायू असतो. रुग्णाला मिनिटाला 10 लिटर लागत असेल तर तो 150 मिनिटं पुरतो. तालुक्याहून पुण्या-मुंबईला दीड तास म्हणजे 900 लिटर. घाटात अडकलात, रुग्णालयाच्या फाटकावर थांबावं लागलं, तर त्याच्या निम्मे आणखी धरा: 1,350. म्हणजे एक सिलिंडर काठोकाठ. दुसरा भरलेला सोबत हवाच, आणि निघण्यापूर्वी दोन्हींचा दाब स्वतः पाहा. वाटेत सिलिंडर बदलायला दुसरी गाडी बोलावणं म्हणजे आणखी दोन माणसं संपर्कात आणणं.

किट चढवणं

आधी लघवीला जाऊन या, पाणी प्या, काहीतरी खाऊन घ्या. अंगठी, घड्याळ, मंगळसूत्र, जानवं, मोबाइल, सगळं काढून ठेवा. केस घट्ट बांधा. चष्मा असेल तर त्याला दोरी लावा.

कव्हरऑल, म्हणजे डोक्यावरच्या टोपीसकट अंगभर झाकणारा एकसंध पोशाख, एक माप मोठाच घ्या. घालून उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, पायरीवर चढा. लहान असेल तर तो नेमका स्ट्रेचर उचलताना मांडीत फाटतो.

क्रम असा: हात स्वच्छ, आतले हातमोजे, कव्हरऑल (बाही मोज्यांवरून), गमबूट, एन-95, त्यावरून टोपी, टोपीवरून गॉगल, मग वरचे लांब हातमोजे बाहीवर चढवून, शेवटी प्लास्टिकचा अ‍ॅप्रन. रुग्णाला उलट्या किंवा रक्तस्राव असेल तर वरून फेस शील्ड. कापडी बूटकव्हर ओल्या जमिनीवर फाटतात आणि घसरतात, म्हणून रबरी गमबूट. मोजे बाहीला पट्टीने चिकटवू नका. काढताना ओढाताण होते आणि बाही फाटते.

एन-95 घातल्यावर दोन्ही तळवे त्यावर ठेवून जोरात श्वास सोडा. नाकाच्या कडेने हवा डोळ्यांकडे आली तर पट्टी पुन्हा दाबा. गॉगलवर वाफ धरते तेव्हा बहुतेक जण गॉगलला दोष देतात. वाफ मास्कमधून वर येत असते. मास्क नीट बसवला की गॉगल बऱ्याच अंशी स्वच्छ राहतो. काचेला आतून साबणाचं पातळ बोट फिरवून कोरडं पुसून ठेवलं तरी मदत होते. कोणत्या चेहऱ्याला कोणत्या कंपनीचा मास्क बसतो याची फिट टेस्ट सरावाच्या वेळीच करून ती नोंद प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे लावा.

छातीवर आणि पाठीवर मार्करने नाव, काम आणि किट चढवल्याची वेळ लिहा. किटमध्ये सगळे सारखे दिसतात आणि आवाजही घुसमटतो. म्हणून चार खुणा आधी ठरवा: 'थांब', 'मला गरगरतंय', 'किट फाटलं', 'ऑक्सिजन बघ'.

रुग्ण आणि प्रवास

रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी त्याच्याशी बोला. गॉगल-मास्कमागून माणूस दिसत नाही, म्हणून नाव सांगा आणि कुठे, का नेतोय ते सांगा. सहन होत असेल तर त्याला सर्जिकल मास्क लावा, नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर नळीवरूनच. उलटीची पिशवी हातात द्या, डायपर बांधा, खाली शोषक पॅड घाला, वरून पाणी न झिरपणारी चादर. चेहरा कधीही झाकायचा नाही.

नातेवाईक गाडीत येणार नाहीत. हे फाटकात ओरडून सांगायचं काम नव्हे. एकाने बाजूला घेऊन कोणत्या रुग्णालयात नेतोय, तिथे कोणाला भेटायचं, कोणत्या क्रमांकावर फोन लागेल, हे कागदावर लिहून द्यावं. ज्यांना काहीच सांगितलं जात नाही ते गाडीमागे मोटारसायकल घालतात, आणि मग रुग्णालयाच्या दारात गर्दी होते.

जे करायचं ते निघण्यापूर्वी करा. सलाईनची सुई चालत्या गाडीत टोचू नका. श्वास ढासळतोय असं दिसत असेल तर श्वासनलिकेतली नळी रुग्णालयातच घालून घ्या. वाटेत तुषार उडवणाऱ्या गोष्टी टाळा: नेब्युलायझरऐवजी स्पेसर लावून पंप, उघड्या सक्शनऐवजी बंद सक्शन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) वापरताना मास्क आणि बॅग यांच्या मध्ये फिल्टर. नाइलाज झालाच तर पायलटला सांगून गाडी कडेला घ्या आणि मागचं दार उघडून मगच करा.

वाटेत उलटी किंवा रक्त सांडलं तर फक्त शोषक पॅडने झाका, वर पिशवी टाका. बंद गाडीत क्लोरीनचं पाणी ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन निघणारा वायू डोळे-घसा जाळतो, आणि किटमध्ये खोकला आला की पहिला हात मास्ककडे जातो.

पायलटने स्ट्रेचर उचलायला मदत केली असेल तर तो पूर्ण किटमध्येच हवा, आणि केबिनमध्ये शिरण्यापूर्वी ते किट निरीक्षकासमोर उतरवून, हात स्वच्छ करून, नवा एन-95 लावूनच. त्याच किटमध्ये स्टिअरिंग धरलं की केबिन गेली. त्याहून बरं म्हणजे त्याने उचलूच नये.

वेगाने हाकू नका. धक्क्यांनी उलटी होते, सुई निसटते, मागची माणसं कशाला तरी धरायला हात फिरवतात. ज्या रुग्णालयात जायचं तिथे अर्धा तास आणि दहा मिनिटं आधी, असे दोन फोन: कोणतं फाटक, कोण घेणार, किट कुठे उतरवायचं, गाडी कुठे धुवायची. या चार प्रश्नांची उत्तरं निघण्यापूर्वीच हवीत, त्याशिवाय गाडी हलवू नका; वाटेतले फोन ती पक्की करायला.

आणि चार प्रसंगांचं उत्तर आधीच लिहून ठेवा: गाडी बंद पडली, अपघात झाला, आतला माणूस उष्म्याने कोसळला, रुग्ण वाटेत दगावला. रुग्ण गेला तर गाडी ठरलेल्या रुग्णालयातच जाते, घरी किंवा शवागारात परस्पर नाही. मृतदेहातूनही लागण होते.

उतरवणं

सरावाचा वेळ वाटायचा तर दोन भाग किट उतरवायला द्या, बाकी सगळ्याला मिळून एक. रुग्ण सुखरूप पोहोचलेला असतो, अंगातून धारा लागलेल्या असतात, आणि मन 'सुटलो' म्हणालेलं असतं. निपाहपासून इबोलापर्यंत कुठल्याही आजारात पथकाला सर्वांत मोठा धोका या दहा-पंधरा मिनिटांत असतो.

जमिनीवर रेघ आखा: अलीकडे घाण, पलीकडे स्वच्छ. अलीकडे स्टूल, झाकणाची पिशवी, हॅन्डरब, क्लोरीनचं भांडं. एका वेळी एकच माणूस. निरीक्षक वाचेल तेवढंच करायचं.

आधी दिसणारी घाण पुसा. अ‍ॅप्रन मागून सोडवून आत गुंडाळत काढा. गमबूट क्लोरीनमध्ये. वरचे हातमोजे काढा, आतल्या मोज्यांवर हॅन्डरब. डोळे मिटून, मान पुढे वाकवून गॉगल मागच्या पट्टीने काढा. चेन उघडा, टोपी मागे ढकला, कव्हरऑल खांद्यावरून आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली न्या. झटकू नका. आतले मोजे बदला. मास्क शेवटी: खालची पट्टी, मग वरची, पुढच्या भागाला हात न लावता. मोजे काढून साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद हात धुवा. दोन पायऱ्यांमध्ये प्रत्येक वेळी हॅन्डरब. मग अंघोळ आणि नवे कपडे.

क्रमाच्या दोन-तीन पद्धती प्रचलित आहेत आणि त्यांत थोडा फरक आहे. जिल्ह्याने एक निवडून तिचंच कार्ड छापावं. अर्धं एका पद्धतीचं, अर्धं दुसऱ्या पद्धतीचं झालं की घोळ होतो.

सराव करताना किटवर खोबरेल तेलात कालवलेला गुलाल फासा आणि मग उतरवायला सांगा. मनगट, मान, कानामागे लाल दिसलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अतिनील दिवा आणि चमकणारी पूड मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर गुलाल पुरतो. दर तीन महिन्यांनी एकदा, आणि एक सराव तरी भर दुपारी.

उष्म्याबद्दल एक पक्का नियम: किटमध्ये सलग एक तासाहून जास्त काम ठरवू नका. लांबचा पल्ला असेल तर बदली पथक मध्ये कुठे उभं राहील, ते आधी ठरवा. आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, तेवढं ओआरएस पोटात जायलाच हवं.

गाडी धुणं

1 टक्का क्लोरीन द्रावण रोज ताजं करा. 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर 1 लिटरमध्ये 4 लिटर पाणी, 10 टक्के असेल तर 9 लिटर. ब्लीचिंग पावडर 33 टक्के क्लोरीनची असेल तर लिटरला 30 ग्रॅम, म्हणजे 5 लिटरच्या बादलीत 150 ग्रॅम. ढवळून निवळू द्या, वरचं नितळ पाणी वापरा. कोकणातल्या दमट हवेत उघडं पोतं आठवड्यात दम सोडतं, म्हणून हवाबंद डब्यात ठेवा. फिनाइल, अ‍ॅसिड किंवा स्पिरिटमध्ये हे कधीही मिसळू नका.

सगळी दारं उघडून गाडी वारं खाऊ द्या. किट घालूनच आत जा. पॅड, प्लास्टिक, चादरी आतल्या आत गुंडाळून दुहेरी पिशवीत. पिवळी आणि लाल पिशवी, सुयांची पांढरी टोचनिरोधक पेटी हे जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांचं वर्गीकरण इथेही लागू. कचरा रुग्णालयातच सोपवायचा, परत आणायचा नाही.

आधी साबणाच्या पाण्याने घाण काढा. रक्त, उलटी राहिली तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो आणि विषाणूला काही होत नाही. मग द्रावणाने वरून खाली आणि पुढून मागे पुसा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. मॉनिटर, कनेक्शन आणि गंजणारा धातू यांना 70 टक्के अल्कोहोल. हटकून राहून जाणाऱ्या जागा: स्ट्रेचरच्या खालची बाजू आणि चाकं, बकलची खाच, ऑक्सिजनची चावी, दाराच्या आतली कडी, बीपीचा पट्टा. नायलॉनचे पट्टे रक्त शोषतात, ते फेकून नवे लावा.

पंपाने फवारणी करू नका. फवाऱ्याने सांडलेलं वर उडतं, आणि स्ट्रेचरखाली मात्र थेंबही पोहोचत नाही. माणसावर तर कधीच फवारायचं नाही.

नंतरचे दिवस

गाडीत कोण कोण होतं, कुठून कुठवर, किट किती वेळ अंगावर होतं, कुठे फाटलं, सगळं त्याच दिवशी लिहा. सुई टोचली तर लगेच साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि तासाभरात वरिष्ठांना कळवा. इबोलाचा आजार 2 ते 21 दिवसांत दिसतो, म्हणून 21 दिवस तब्येतीवर लक्ष ठेवायचं. निपाहसाठीही केरळात 21 दिवसच पाळले गेले. सीसीएचएफसाठी दोन आठवडे. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून एका ठरलेल्या माणसाला कळवायचा. किट शाबूत राहिलं असेल तर काम थांबवायची गरज नसते. ताप आला तर स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जायचं नाही, फोन करायचा, आणि तो फोन घेणारा कोण हे पहिल्या दिवशीच ठरलेलं हवं.

या काळात पथकाचा पगार कापला जाणार नाही, घरच्यांना वेगळं राहायची सोय करून दिली जाईल, हे लेखी द्या. तेवढी हमी नसेल तर फाटलेला हातमोजा कोणी सांगत नाही, आणि लपवलेल्या त्या एका मोज्यामुळे आजार घरापर्यंत पोहोचू शकतो.